आधी हात

आई,

आज रविवार. रथसप्तमी उद्यावर आली आहे. दुपारी एसटीने आपल्या गावी, मार्गासनीला, हळदीकुंकवाला जाऊन आले. गाडीला गर्दी नव्हती. आपल्या शेजारच्या काकू आता पार वाकल्या आहेत, पण आवाज तसाच खणखणीत. मला बघून सगळ्या बायकांत म्हणाल्या, "ही बघा, हिनं आयला समिंदर दाखवला. तिचं गुडघं चालत न्हवतं, तर उचलून नेली." मग मलाच विचारलं, "काय म्हनली गं ती पान्यात गेल्यावर?" मी म्हणाले, "लई मोठा हाय म्हणाली." बायका हसल्या. एक म्हणाली, लेक असावी तर अशी. मी मान खाली घालून तिळगूळ खाल्ला.

तू असं काही म्हणाली नव्हतीस.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गावात माझं हे एवढं कौतुक शिल्लक आहे. भाड्याची जीप, वरंधा घाट, तू पुढच्या सीटवर पाय लांब करून बसलेली, कारण ते वाकतच नव्हते. श्रीवर्धनच्या बाजूला एका घरगुती लॉजवर आपण उतरलो. तिथून पाणी दिसत होतं, पण मधे सगळी वाळू, आणि वाळूत तुझी काठी रुतायची. तू म्हणालीस, "हितनं दिसतंय की. तुमी जावा." पण पहाटेपासून न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होतीस, ते मी बघितलं होतं.

मग तुझ्या जावयांनी आणि माझ्या धाकट्या दिरांनी लॉजवरची प्लॅस्टिकची खुर्ची घेतली आणि तुला तिच्यात बसवलं. जावयानं उचलायचं म्हणून तू आधीच शरमली होतीस. भाऊजी म्हणाले, "मावशी, राणीची पालखी निघाली बघा!" तू म्हणालीस, "राणी कसली बाबा, भाताचं पोतं हाय. दमलात तर हितंच टाका." तेवढंच काय ते हसणं झालं. मी मागून तुझ्या चपला घेऊन चालत होते. माणसं वळून वळून बघत होती आणि त्यांनी बघू नये असं मला वाटत होतं. दिरांना दम लागला होता, त्याचंही मलाच ओझं.

पाणी जवळ आलं तशी तू एकदम ओरडायला लागलीस. "थांबा! आदी हात! हात, हात!" तुझा शेतातला आवाज, बांधाच्या पलीकडे जाणारा. पोरांचा एक घोळका हसला. हे म्हणाले, "घाबरल्यात त्या. धर त्यांना." मी पुढे होऊन तुझे दोन्ही हात घट्ट धरले आणि म्हणाले, "ओरडू नको आई, लोक बघतात." तू हात सोडवायला बघत होतीस. मी सोडले नाहीत. तेवढ्यात लाट आली आणि तुझ्या पावलांवरून गेली. मग तू गप्प झालीस. लाटा येत होत्या, जात होत्या, आणि तू डोळे मिटून बसली होतीस. सगळ्यांना वाटलं, म्हातारी सुखावली.

परतीच्या वाटेवर घाटात चहाला थांबलो. बाकीचे खाली उतरल्यावर तू हळूच म्हणालीस, "पाय लागला गं त्येला. हात न लावता पाय लागला."

मी म्हणाले, "समुद्राला काय कळतंय?"

"त्येला न्हाई कळत. मला कळतंय न्हवं."

त्यानंतर तू कधी विषय काढला नाहीस. काकूंनी विचारलं असेल तेव्हाही माझी बाजूच राखली असशील, नाहीतर त्या आज असं बोलल्या नसत्या.

तुला वाकता येत नव्हतं. मी ओंजळभर पाणी वर आणून तुझ्या हातावर घालायचं होतं. तू ते डोळ्यांना लावलं असतंस आणि मग पाय सोडले असतेस. त्याला वेळ तो किती लागला असता.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुला आधार हवा आहे असं मला वाटलं, म्हणून हात धरले. ते खरं नाही. गावच्या गुंजवणी नदीत उतरताना आधी बोटं बुडवायची, ती डोळ्यांना लावायची, मग पाऊल टाकायचं, हे तूच मला शिकवलंस. एकदा विसरले तर पाठीत धपाटाही घातला होतास. तू काय मागते आहेस ते मला पहिल्या हाकेलाच कळलं होतं. मला फक्त तू गप्प व्हायला हवी होतीस.

घरात आज मी एकटीच आहे. अंधार पडत आला. हे पत्र मिटून ठेवते, सकाळचं पिठलं गरम करते आणि जेवायला बसते.