नावड्यात डिजिटल रेडिओ घ्यावा का?

२५ ऑक्टोबर, शनिवार
ठरलं. डिजिटल रेडिओ घ्यायचा. जुन्यात नुसती खरखर. आमचं घर तळमजल्यावर, मागे तळोज्याचे कारखाने, डोक्यावर हायटेन्शन वायर. तरी सकाळी सातला रेडिओ ग्रिलला टेकवून धरला की खरखरीतून 'नमस्कार, मी क्रांती' एवढं कळतं.
क्रांती म्हणजे आमची कन्या. बँकेतली पर्मनंट नोकरी सोडून पुण्याला रेडिओवर बडबड करायला गेली. दोन वर्षं मी तिचा फोन घेतलेला नाही. कार्यक्रम ऐकतो तो केवळ चुका काढायला. अजून एकही सापडली नाही. खरखरीत निसटत असणार.

२६ ऑक्टोबर
बायको, वेणू, म्हणाली, आवो, मोबाइलवर ॲप हाय, फुकटात लख्ख ऐकू येतंय. मी म्हटलं, ॲप लावणं म्हणजे मुद्दाम ऐकणं. रेडिओचं तसं नाही, कानावर पडलं तर पडलं. वेणूने कपाळावर हात मारला. तिला तत्त्वं कळत नाहीत.

२९ ऑक्टोबर
वाशीहून रेडिओ आणला. जुना एक्स्चेंजमध्ये दिला. दुकानात आवाज काय लख्ख! दुकानदाराने विचारलं, राहता कुठे? म्हटलं, नवी मुंबई. नावडं सांगायची गरज वाटली नाही.

३० ऑक्टोबर, सकाळी ७.२०
काही नाही. खरखरसुद्धा नाही. दुकानदाराला फोन केला. म्हणाला, अंकल, डिजिटलमध्ये खरखर नसते, एकतर साफ येतं, नाहीतर येतच नाही. केवढी सोय! कानाला त्रास नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
खिडकी, माळा, कपडे वाळत घालायची तार, सगळं करून झालं. शेवटी गच्चीवर पाण्याच्या टाकीवर चढलो. आला! जेमतेम दीड मिनिट. वाक्याच्या मध्ये श्वास घेते तोसुद्धा ऐकू आला. लहानपणी धडा वाचताना अगदी असाच घ्यायची.
पहिली चूक सापडली : श्वास ऐकू येतो.
सोसायटीचा सेक्रेटरी श्यामसुंदर खालून ओरडला, काका, पडाल, आणि नाव माझं खराब होईल.

५ नोव्हेंबर
जुना रेडिओ परत मिळेल का, म्हणून दुकानात फोन केला. सहज. तो केव्हाच भंगारात गेला. जाऊ दे.
खरखरीतून का होईना, पण रोज यायची ती.

७ नोव्हेंबर
वेणूने बातमी दिली. क्रांतीचा कार्यक्रम बंद होतोय, रविवारी शेवटचा. तुमी फोन घेत नाही, म्हणून ती रेडिओवरूनच तुमाला कायतरी सांगणार हाय, तेवढं ऐका, म्हणाली.
उघड आहे. माफी मागणार. मीही माफ करायचं ठरवलं आहे. लगेच नाही, आठवडाभर ताणायचं. आरशासमोर 'ठीक आहे, झालं ते झालं' म्हणून पाहिलं. आवाज जरा कापतो. सराव हवा.

९ नोव्हेंबर, रविवार
सहापासून टाकीवर. सातला आवाज आला, लख्ख. शेवटी शेवटी म्हणाली, माझे बाबा नावड्याला असतात, ते ऐकतात, मला माहीत आहे. बाबा...
आणि गेला. रेडिओ वर धरला, हलवला, थोपटला. खरखर असती तर निदान एखादा शब्द तरी हाती लागला असता.
खाली आलो. वेणू ओट्यापाशी मोबाइल ठेवून पदराने डोळे पुसत होती. ऐकलं ना? म्हणाली. या वयात टाकीवर चढून काही ऐकू आलं नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार? ऐकलं, म्हटलं. मग काय ठरवलं? विचार करतो, म्हटलं. ऑफिसात हे उत्तर कधी वाया गेलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
वेणूने बॅग भरली. जरीची साडी घेतली. म्हणाली, शेवटचं इचारते, येताय का? कुठे, असं विचारलं तर रविवारचं बिंग फुटलं असतं. म्हटलं, तू हो पुढे, मी बघतो. दारात बराच वेळ उभी होती. बहीण राहते ऐरोलीला, तिच्याकडे काही कार्यक्रम असेल.
माझा पांढरा शर्ट इस्त्री करून पलंगावर ठेवून गेली आहे. कशाला, कोण जाणे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
श्यामसुंदर गच्चीची चावी मागायला आला. मला बघून दचकलाच. काका, तुम्ही इथे? काल क्रांतीचं लग्न होतं ना पुण्याला? रविवारी निम्म्या सोसायटीने तिचं बोलणं ॲपवर ऐकलं, म्हणाला.
काय म्हणाली ती, हे त्याला विचारावं लागलं. त्याने सांगितलं : बाबा, शुक्रवारी माझं लग्न आहे. काही बोलू नका, नुसते येऊन बसा. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवते.
यात माझी चूक नाही. इथे सिग्नलच वीक आहे. श्यामसुंदर गेल्यावर दार लावलं आणि रडलो. शर्ट अजून पलंगावरच आहे. घडीसुद्धा मोडलेली नाही.
रेडिओ खोक्यात भरला. दुकानदार परत घेणार नाही म्हणतो.
मोबाइलला मात्र फुल रेंज आहे, चारही दांड्या. क्रांतीचा नंबर पाठ आहे. पण आज ती पाहुण्यांच्या गडबडीत असेल. उद्या करतो.