विरघळणारी नळी

कासेल, जर्मनी
४ फेब्रुवारी २००६

ती. अप्पांना सुष्मिताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि अव्वाला सगळं सांगायचा धीर मला होत नाही, म्हणून पत्र. फौंड्रीच्या दणदणाटात तीस वर्षं कान घालवलेत तुम्ही, आणि लिहून लिहून हात दुखतोय माझा. बसून वाचा.

आमचा तान्हा शिवांश नुसता वजनानं कमी नाही. त्याच्या डाव्या फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाहिनी जन्मतःच इतकी चिंचोळी आहे, की ती जवळजवळ मिटलेलीच होती. काल डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून तार आत नेऊन तिथं जाळीची एक बारीकशी नळी बसवली. स्टीलची बसवली असती तर पोर वाढलं तरी ती तेवढीच राहिली असती. म्हणून ही मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. तीन-चार महिन्यांत अंगातच विरघळून जाते म्हणे. तोवर वाहिनीनं आपली आपण उघडं राहायला शिकायचं. नाही शिकली तर काय, हे मी विचारलं नाही.

मोठ्या माणसांच्या पायात अशा नळ्या घालून पाहिल्यात, एवढ्या लहान मुलांत अगदी मोजक्या. कागदावर बाप म्हणून सही सोमशेखरनं केली, मी पेन उचलून खाली ठेवलं. मला फार भीती वाटतेय, अप्पा. अव्वाला यातलं काही बोलू नका, आईचा जीव आहे तिचा.

तुमचा लोभ इथवर पोचतो, तो असाच येऊ द्या.

तुमची
सुष्मिता

कोल्हापूर
२६ फेब्रुवारी २००६

चि. सौ. सुष्मिता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण पुढं येतंच आहे. तुझं पत्र मी शिरोलीला, कारखान्याच्या कँटीनमध्ये बसून वाचलं. मॅग्नेशियम हा शब्द आला आणि पुढ्यातला चहा तसाच राहिला. बाळ, हा धातू मी चांगला ओळखतो. लोखंडाच्या रसात तो पडला की असा पांढरा भडका उठतो, की तोंड फिरवावं लागतं. आमच्या भट्टीवरच्या गणपतरावांनी एकदा त्याच्या पेटलेल्या चुऱ्यावर पाण्याची बादली ओतली होती. विझायचं सोडून ते अंगावर आलं. त्यांच्या भुवया पुन्हा उगवल्या नाहीत. आणि रक्त म्हणजे तरी काय, खारं पाणीच की.

म्हणून मी एक तुकडा घरी आणला, पेल्यात मिठाचं पाणी करून त्यात टाकला आणि कपाटावर ठेवला. लगेच बुडबुडे. अव्वाला सांगितलं, तांब्या घासायचं औषध आहे. नवव्या दिवशी पेल्यात नुसता पांढरा गाळ उरला. तीन-चार महिने म्हणतात ना ते? नऊ दिवस, सुष्मिता.

आम्ही पोकळ माल ओततो तेव्हा साच्यात वाळूचा कोअर, म्हणजे आतला गाभा, ठेवतो. लोखंड घट्ट झालं की तो फोडून काढायचा, पोकळी तशीच राहते. पण घट्ट व्हायच्या आधी कोअर ढासळला, तर पोकळी मिटते आणि माल भंगारात जातो. डॉक्टरांना एवढंच विचार, की आधी काय होणार आहे, वाहिनी घट्ट होणार की नळी ढासळणार. उत्तर मिळेपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका, हे मी बाप म्हणून सांगतोय. पत्र कुरिअरनं धाडतोय.

पोराच्या डोक्यावरून माझा हात फिरव.

तुझा
अप्पा

कासेल
८ मार्च २००६

ती. अप्पांना सा. न. वि. वि.

तुमचं कुरिअर शनिवारी सकाळी आलं, आणि त्याच सकाळी डॉक्टरीणबाईंनी दुसरा कागद पुढं केला. पहिल्या नळीतला जोर गेला होता, वाहिनी पुन्हा आवळत होती. तिच्या आत तसलीच दुसरी बसवायची होती. मी तुमचं पत्र हातात धरून नाही म्हणाले. सोमशेखर माझ्यावर ओरडला, की तुझ्या अप्पांनी पेल्यात बघितलंय, ही माणसं पोरात बघताहेत. मी ऐकलं नाही. पण माझ्याशिवाय सही करायला तोही तयार होईना. दोन दिवस गेले. सोमवारी शिवांशची नखं निळी पडली.

तेव्हा मी बाईंना बसवून पेला, गणपतराव, कोअर, सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्या वडलांचा तुकडा निव्वळ मॅग्नेशियमचा होता, नळीत तो सावकाश झिजावा म्हणून दुसरे धातू मिसळलेत. मिठाचं पाणी नुसतं खात जातं. रक्तात चुना असतो, आणखीही बरंच असतं, त्याचा धातूवर खडूसारखा थर बसतो आणि झीज मंदावते. वायू होतो, पण थोडा, तो वाहतं रक्त घेऊन जातं. मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जातं. पेटत काही नाही.

मग तुमचा प्रश्न विचारला, आधी काय होणार. त्या म्हणाल्या, हेच आम्हालाही माहीत नाही. हा धातू इतका हलका, की एक्स-रेतही दिसत नाही, त्यामुळे आत किती उरलाय ते कुणालाच सांगता येत नाही. मी सही केली. काल दुपारी दुसरी नळी बसली.

तुमच्यावर राग नाही असं लिहिणार होते, पण आहे. आपला लोभ मात्र त्याहून जुना आहे, तो सोडू नका.

सुष्मिता

कोल्हापूर
२२ मार्च २००६

चि. सुष्मिता, आशीर्वाद लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

तुझा राग बरोबर आहे. मी भ्यालो आणि ती भीती पोराच्या नखांपर्यंत गेली. ते दोन दिवस मला परत करता येत नाहीत. पेला मोरीत ओतला. कारखान्यात आता तो भडका बघवत नाही, साहेबांना सांगून मी ते काम सोडलं.

अव्वाला रविवारी सगळं सांगितलं. तिनं पुढ्यातली परात बाजूला सारली. मग म्हणाली, "दोघंच भ्यालासा व्हय? मला काय भ्यायला येत न्हाय?" त्यानंतर तिचं माझ्याशी बोलणं भाकरी वाढण्यापुरतंच आहे. शिवांशच्या गळ्यात घालायला मठातून आणलेलं लिंग तिनं इथल्या रिकाम्या पाळण्याला बांधून ठेवलंय. रोज अंघोळ झाली की त्यापुढं बसते, मीही शेजारी जाऊन बसतो.

चूक पोटात घाल आणि दोन ओळी तरी लिहीत जा.

अप्पा

कासेल
८ जुलै २००६

ती. अप्पा आणि अव्वा, दोघांनाही सा. न. वि. वि.

परवा तपासणी झाली. शिरेत रंगाचं औषध सोडून वाहिनीची चित्रं काढली, आतून तारेनंही पाहिलं. वाहिनी उघडी आहे. नळी बसवली तेव्हापेक्षा किंचित बारीक, पण रक्त डाव्या फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातंय. दोन्ही नळ्यांचा मागमूस नाही.

चार महिने भरेपर्यंत आत धातूचा आधार आहे, एवढ्या हिशेबावर मी रोज रात्री डोळे मिटत होते. म्हणून बाईंना विचारलं, नळी संपली कधी. त्या म्हणाल्या, दिवस सांगता येणार नाही, पण तिच्यात जोर मेच्या मध्यापर्यंतच असेल.

म्हणजे जवळजवळ दोन महिने त्याला धरून ठेवणारं आत काही नव्हतं, अप्पा. त्याच दोन महिन्यांत तो पालथा पडायला शिकला. बातमी आनंदाची होती आणि मी शिवांशला घेऊन हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन बसले. सोमशेखरला वाटलं, काहीतरी वाईट झालं. सांगत बसण्यापेक्षा मी शिवांशला त्याच्या हातात दिलं.

दोघांचा लोभ असू द्या.

तुमची
सुष्मिता