उजव्या हातावरची सुई

२६ नोव्हेंबर, संध्याकाळ

परवा सायबाच्या फेस्ताला, म्हणजे आमच्या संताच्या सणाला, जुन्या गोव्याच्या चर्चपर्यंत चालत निघायचं. माझा नवरा आंतोन वारल्यापासून पहिल्यांदाच. फ्लूची सुई पंधरा दिवस आधी घ्यायची असते, पण मी नेहमीसारखी उशिरा, आज गेले.

नर्स म्हणाली, "मावशी, खंयच्या हातार देव?"

"उजव्यार."

"उजव्या हातान काम करतास मां? मगे डाव्यार घेवा. दुखतला."

"नको गो, उजव्यारच दी."

तिला काय सांगणार? दरवर्षी मी उजव्यावर घ्यायची आणि आंतोन डाव्यावर. चालताना तो माझ्या डावीकडे असायचा. कपड्यांची पिशवी दोघांच्या मध्ये, एक बंद त्याच्या हातात, एक माझ्या. पिशवी धरायचे हात दुखायला नकोत, हे त्याचंच डोकं.

आता उजवा हात इतका जड झालाय की लिहवत नाही. डाव्याला काहीच नाही.

मुलगी पाठीवरची नवी सॅक देऊन गेली. दोन्ही हात मोकळे राहतील म्हणते. मोकळा हात घेऊन मी एवढं चालू कशी? जुनी पिशवीच काढली. डाव्या हातात एक बंद धरून अंगणात दोन फेऱ्या मारून पाहिल्या. दुसरा बंद लोंबतो. लोंबू दे.