दादा फाटकावरून परत गेला

प्रिय दादा,

त्या मंगळवारी मी परदेशात नव्हते. फाटकावरून रखवालदाराचा फोन आला, तेव्हा मी वर प्रयोगशाळेतच होते. "मॅडम, तुमचे भाऊ आलेत," तो म्हणाला. मी म्हटलं, "परदेशी गेल्यात म्हणून सांगा." मग खिडकीतून तुला पाठमोरा जाताना पाहत राहिले.

तू माझा नवा फ्लॅट बघायला आला होतास. दादा, फ्लॅट नाहीच. दोन नर्सबरोबर मी एका खोलीत राहते, आणि माझ्या वाट्याच्या भाड्यातच अर्धा पगार जातो. महिनाअखेरीला चहा-बिस्किटावर भागवते.

माझ्या शिक्षणासाठी तू कॉलेज सोडून शिलाई मशीनवर बसलास. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतोस, "आमची धाकटी शास्त्रज्ञ आहे." त्या शास्त्रज्ञाची लोखंडी कॉट तुला कुठल्या तोंडानं दाखवू?

संध्याकाळी तुझा फोन आला. वाटलं, आता बोलणी बसणार. पण तू खुशीत होतास. "अगं, तुझा भाऊ म्हटल्यावर रखवालदारानं उठून मला स्वतःची खुर्ची दिली!" मग म्हणालास, "तिकडं थंडी आहे का गं?"

"खूप आहे," मी म्हटलं.

काल तुझं पार्सल आलं. आत तू शिवलेला लोकरीचा कोट होता, आतून रेशमी अस्तर लावलेला. सोबत चिठ्ठी होती, 'पुढच्या वेळी थंडीत कुडकुडू नकोस.'

इथं पंख्याखालीही घाम निथळतोय. तरी मी तो घालून बसलेय. अगदी मापात बसलाय रे.

तुझी खोटारडी,
धाकटी