ओटीतला नारळ आणि कॉलेजातलं मत

सौ. अंबाबाईस (वयानं तू मोठी, हे तू सोडून सगळ्या लोधिवलीला ठाऊक आहे) कुंभिवलीहून सुंदराचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? आमचे हे बरे आहेत. कान गेलेत, त्यामुळे संसार सुखाचा चाललाय. पत्र मी सांगते आणि नात सुरभी लिहिते, मधेमधे नाक फुगवून.

नाक फुगवायला कारण तूच. परवा आलीस, माझी ओटी भरलीस आणि म्हणालीस, "सुंदरे, मत आमच्या ऋतिकलाच हां." मला वाटलं, पंचायत समिती. (तुझ्या नातवाला अजून मिशी नीट फुटलेली नाय, हे ध्यानात यायला हवं होतं. पण हल्ली मिशी बघून कोण निवडतंय?) आपल्याकडे ज्याचा नारळ आधी ओटीत, त्याला घरचं मत. मी शब्द देऊन बसले.

संध्याकाळी सुरभी नाचतच आली, "आजी, मी कॉलेजात विद्यार्थी प्रतिनिधीला उभी हाय!" समोर कोण, तर लोधिवलीचा ऋतिक. माझ्या तोंडात तेव्हा तुझ्याच नारळाची करंजी. घास आत जाईना, बाहेर येईना. शेवटी आत गेला, करंजी चांगली झाली होती. शब्दाचं सांगितलं तशी पोरगी पेटली, "म्हंजे मीच मला मत द्यायचं नाय का गं?"

अगं, तिथं मुलींच्या संडासाला कुलूप, चावी शिपायाकडे आणि शिपाई चहाला. पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत, त्यात तुझी नात रोहिणीही आली, विचार तिला. ते कुलूप काढायला सुरभी उभी आहे. तुझा ऋतिक गॅदरिंगला डीजे आणणार म्हणे. तहानलेल्या पोरी नाचणार कशा गं? म्हणून पदर पसरते, मला शब्दातून मोकळी कर.

तुझीच,
सुंदरा

ता. क. तुझा नारळ आम्ही खाल्ला. बदली दुसरा सून ललिताबरोबर पाठवलाय.

ता. क. दुसरा. ललिताला बजावलंय, आधी अंबाबाईची ओटी भर, मगच पत्र काढ. म्हणजे नारळ आता तुझ्या ओटीत आहे. आमच्या घरात कॉलेजचं मत एक, तुझ्या घरात दोन, ऋतिकचं आणि रोहिणीचं. मला मोकळी नाय केलीस तरी चालेल.

ऋतिक, आजीला तूच वाचून दाखवत असशील. अडखळू नको रं बाळा. आजीच्या ओटीचा शब्द हाय.