जतच्या दगडातलं सोनं

मिरज, १९ जानेवारी १९७२

प्रिय हवालदारसाहेब,

खांद्याची जखम भरत आली हे वाचून जिवाला बरं वाटलं. ड्रेसिंग चुकवू नका. तिथं ओरडायला मी नाही. तुमच्या आई माझ्याशी अजून तुटक बोलतात, आणि त्यांचं अगदीच चुकतंय असं आता म्हणवत नाही.

दिवाळीत जतजवळच्या माळावर आकाशातून दगड पडला, तो धोंडीबा मेंढक्यानं कॉलेजच्या सरांना आणून दिला. सरांनी त्या दगडाच्या तपासणीसाठी आमच्या हॉस्पिटलचं जुनं ऑपरेशन थिएटर मागून घेतलं, आणि हात कसे धुवायचे हे ठाऊक असलेली बाई हवी म्हणून मला. एरवी आम्ही पेशंटला आपल्यापासून जपतो, इथं दगडाला जपायचं. खिडक्या चिकटपट्टीनं बंद, हवा गाळून आत येते. कुंकू, पावडर, तेल, बांगड्या, मंगळसूत्र, सगळं बाहेर. डोळ्यांना न दिसणारा सोन्याचा कणही दगडाची पूड तपासणाऱ्या मुंबईच्या यंत्राला सापडतो, हे सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आईंना कळलं तेव्हा त्या कडाडल्या, “त्यो बॉर्डरवर हाय आन् तू गळा मोकळा ठिवतीस व्हय गं?” मी हसण्यावारी नेलं. फार शहाणी ना मी!

मग लढाई लागली. एकोणीस दिवस तुमचं पत्र नाही. मंगळसूत्र काढून डब्यात ठेवताना आईंचं बोलणं आठवायचं. एके दिवशी काढलंच नाही. पांढऱ्या अंगरख्याखाली दडवून आत गेले. नंतर रोजच. दगडाची पूड करताना हातमोज्यातला हात सारखा गळ्याशी जायचा, आहे ना बघायला. तुमचं पत्र आलं तशी पुन्हा डब्यात ठेवू लागले, आणि कुणाला काही बोलले नाही.

काल मुंबईचा अहवाल आला. अशा दगडात आजवर कुणाला मिळालं नव्हतं इतकं सोनं निघालंय. सरांनी सातारचे कंदी पेढे वाटले. माझ्या हातावर दोन ठेवून म्हणाले, हे तुमच्या स्वच्छतेचं फळ. परवा ते पुण्याच्या परिषदेत हे वाचून दाखवणार आहेत. ते सोनं आकाशातलं नाही हो, तुम्ही माझ्या गळ्यात बांधलेलं आहे. उद्या सकाळीच त्यांना सांगणार आहे. त्या खोलीतून मला काढतील, त्याचं वाईट वाटेल. एवढी शिकलेली बाई असं का वागली, असंही विचारतील. तुम्ही गेलात असं मला वाटलं होतं, हे त्यांच्यापुढं तोंडातून निघायचं नाही, म्हणून आधी तुम्हाला लिहून पाहिलं.

तुमचीच,
हरणा