चौदा नंबरचं कुलूप

ता. २ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझी नेमणूक पंपिंग स्टेशनावर सुरक्षा अधिकारी म्हणून झाली, हे तुझ्या आईनं जिन्यातूनच ओरडून सांगितलं, त्यामुळे चारही मजल्यांना एकदम कळलं. अभिनंदन. तू तीन वर्षांची असताना मी तुला ठिणगी नाव ठेवलं, तेव्हा तू तेलाच्या लाइनीवर नोकरी करशील असं स्वप्नातही नव्हतं. तिथं ठिणगीला फाटकातच अडवतात. नाव बदलून घ्यायचं असेल तर कळव.

पस्तीस वर्षं मी या लाइनींवर काढली. आधी पाइप खांद्यावर वाहिले, मग वेल्डिंग शिकलो, आता देवदयेनं स्वतःची अकरा माणसांची टोळी आहे. एवढ्या काळात सात सुरक्षा अधिकारी पाहिले. सहा जण झाडाखाली उभे राहून शिट्टी वाजवायचे. सातवा बरा होता, कारण त्याची शिट्टी हरवली होती. आता तुझं काय होतं ते बघायचंय.

कामाचं म्हणजे, तुमच्या लाइनीतला जुना व्हॉल्व्ह बदलायचं काम मला मिळालंय. टेंडर भरताना तू तिथं जाणार हे मला ठाऊक नव्हतं, हे तुझ्या साहेबांना आठवणीनं सांग. टोळी नऊ तारखेला येईल. फोरमन आपला दुर्बीणच, जोड तपासताना पाइपला नाक टेकवतो तो. माणसं गुणी आहेत, पण कागद पुढे आला की बावचळतात. तर घरच्यांचं काम म्हणून जरा सैल सोड. आमचं चार दिवसांत उरकू दे, मग बाकीच्यांना हवं तेवढं छळ.

उत्तर पत्रानंच पाठव. फोनवर तू ‘हो मामा, बरं मामा’ म्हणून निसटतेस. कागदावर निसटता येत नाही.

मामीचे आशीर्वाद. लोभ आहे तेवढा वापर, कमी पडला तर मागून घे.

तुझा,
मामा


ता. ९ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, टोळीही पोचली. सैल सोडायचं तेवढं जमणार नाही. कागदावर निसटता येत नाही असं तुम्हीच म्हणता, म्हणून स्पष्ट लिहिते.

आमच्याकडची पद्धत अशी. पाइपाभोवती खणलेल्या खड्ड्यात काम सुरू करण्याआधी वरच्या अंगाचा मोठा व्हॉल्व्ह बंद करतो, त्याच्या चाकाला साखळी घालतो आणि साखळीला भोकाभोकांची एक लोखंडी पट्टी. खड्ड्यात उतरणारा प्रत्येक जण त्या पट्टीत स्वतःचं लाल कुलूप लावतो. कुलपाला एकच किल्ली, ती ज्याच्या त्याच्या खिशात. दुसरी किल्ली माझ्याकडे नाही, साहेबांकडे नाही, कुणाकडेच नाही. वर येणारा आपलं कुलूप आपल्या हातानं काढतो. पट्टीवर एक जरी कुलूप उरलं तरी चाक फिरत नाही, म्हणजे तेल येत नाही. पाइपात माणूस असताना तेल सोडलं तर काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तुमची टोळी आज सकाळी हसून हसून दमली. एकानं विचारलं, सायकल कुठंय. दुर्बीणकाकांनी कुलूप कानाला लावून लोलकासारखं मिरवून दाखवलं. मी वाट बघत उभी राहिले. हसणं संपल्यावर अकराच्या अकरा कुलपं लागली. मग काम सुरू करायच्या परमिटावर सही केली.

काम बारा तारखेला संपायला हवं. लाइनीच्या पलीकडच्या टोकाची टाकी रिकामी होत चाललीय, त्यामुळे त्या दिवशी चारच्या ठोक्याला तेल सुरू झालंच पाहिजे, असं साहेब दिवसातून सहा वेळा सांगतात आणि सहाही वेळा घड्याळाकडे बोट दाखवतात. तुम्ही त्या दिवशी बघायला येणार असं कळलं. जरूर या. पण खड्ड्यात उतरलात तर तुम्हालाही कुलूप लावावं लागेल, मालक असा वा मामा.

मामीला नमस्कार. लोभ नेहमीचाच असावा, सूट मात्र मागू नये.

आपली,
ठिणगी


ता. १३ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल तुझं राज्य डोळ्यांनी पाहून आलो. हेल्मेट दिलंस ते माझ्या डोक्यापेक्षा मोठं आणि बूट पायापेक्षा लहान, पण रुबाब होता. खड्ड्यात उतरलो, टॉर्च घेऊन कमरेपर्यंत पाइपात शिरलो, आतला जोड पाहिला. आरशासारखा आहे. जुनी खोड आहे ही माझी, जोड आतून पाहिल्याशिवाय जेवण जात नाही. तुझ्या हट्टाखातर कुलूपही लावलं, टोळीसमोर, सगळ्यांना दिसेल असं. मालकानं लावलं की माणसं निमूट लावतात.

दुपारी मागच्या फाटकाशी एक जुना ओळखीचा टँकरवाला निघालेला दिसला. तो गावावरूनच जाणार होता, म्हणून तसाच चढलो. तू कुठल्या तरी कागदात डोकं घालून बसली होतीस, म्हटलं कशाला मोडता घाला. फोन मात्र पुढच्या फाटकावर जमा केलेला तिथंच राहिला. जपून ठेव.

संध्याकाळी सहाला उतरलो तो थेट न्हाव्याकडे. गर्दी होती. सातला खुर्चीत बसून अर्धी दाढी झाली, तोच तुझा फोन त्याच्या दुकानात. काय ते तुझं प्रेम! मी जिवंत आहे का, समोर आहे का, नक्की मीच आहे का. न्हाव्यानं प्रत्येक प्रश्न मोठ्यानं म्हणून दाखवला आणि दुकानातल्या पाच जणांनी एकमतानं होकार दिला. तरी तुला माझाच आवाज हवा होता. त्यानं फोन माझ्या कानाला लावला. वस्तरा गळ्यावर होता, म्हणून नुसतं ‘हूं’ म्हणालो. तेवढ्यावर तू फोन ठेवलास. मामा घरी सुखरूप पोचला का म्हणून इतकी काळजी करणारी भाची कुणाला आहे, असं मी दुकानभर विचारलं. कुणालाच नव्हती.

मामीला माझ्या पँटच्या खिशात एक किल्ली सापडलीय. घरातल्या कुठल्याच कुलपाला लागत नाही. खिळ्याला अडकवून ठेवलीय.

लोभ आहे तो वाढव, आणि फोन पाठव.

तुझा,
मामा


ता. १३ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. पुढचं वि. वि. लिहीत नाही, कारण आज विनंती काही नाही.

फोनवर रडेन किंवा ओरडेन म्हणून लिहिते आहे.

काल साडेतीनला काम संपलं, पाइप दोन्हीकडून बंद झाला, अकरा जणांनी अकरा कुलपं काढली. पट्टीवर एक उरलं. नंबर चौदा. तुमचं.

फाटकाच्या वहीत तुम्ही आत आल्याची नोंद होती, गेल्याची नव्हती. तुमचा फोन लावला तर तो फाटकावरच्या कपाटात वाजला. तुम्हाला जाताना कुणी पाहिलं नव्हतं. दुर्बीणकाकांनी एवढंच सांगितलं की, मालक शेवटचे दिसले तेव्हा कमरेपर्यंत पाइपात होते.

मग मी बंद पाइपावर हातोडीनं ठोकत, कान लावत, चाळीस मीटर चालले. प्रत्येक पावलावर तुम्हाला हाक मारत होते आणि मनात म्हणत होते की ओ येऊ नये.

चार वाजले. साहेबांनी लांब दांड्याची कात्री मागवली, कुलूप तोडा म्हणाले. म्हातारा माणूस आहे, गेला असेल कुठंतरी. मी म्हटलं, असेल चालणार नाही. कुलूप ज्याचं तो बाहेर आहे हे त्याच्याकडूनच कळलं तर कुलूप तोडता येतं, तोवर नाही. मामीचा फोन नेहमीसारखा कुठल्या तरी उशीखाली होता. आई बाहेर गेलेली. कुठूनही आलात की तुम्ही आधी दाढीला बसता, म्हणून शेवटी न्हावी आठवला, तिथं तीनदा फोन लावला. सात वाजून वीस मिनिटांनी तुमचं ते ‘हूं’ ऐकलं, आणि कुलूप तोडायला परवानगी दिली. तेल साडेतीन तास उशिरा सुरू झालं. पलीकडे तेलाअभावी कारखान्याची दोन युनिटं बंद ठेवावी लागली.

बावीस तारखेला माझी चौकशी आहे. विनाकारण लाइन अडवली म्हणून मला काढून का टाकू नये, असा प्रश्न आहे. साहेब वाईट नाहीत, त्यांना वरून फार बोलणी बसली. आज त्यांनीच वाट सुचवली. कुलूप गंजून अडकलं होतं असं लिही, म्हणजे तूही सुटशील आणि तुझ्या मामांच्या नावालाही धक्का लागणार नाही.

मी तसं लिहिणार नाही. कुलूप नवंकोरं होतं आणि किल्ली तुमच्या खिशात होती. तुमचं नाव लिहावं लागेल. रागावायचं असेल तर रागवा.

ठिणगी


ता. १६ मार्च

चि. ठिणगीस,
आशीर्वाद, आणि मान खाली घालून वि. वि.

माझं तेरा तारखेचं पत्र तुला मिळालं असेल. मिळालं नसेल तर आल्यावर न वाचता फाड.

खरं सांगतो, साहेबांची ती गंजाची युक्ती वाचून मला अर्धा दिवस बरं वाटलं. पुढच्या महिन्यात आणखी एका लाइनीचं काम मिळायचंय, त्यात हे कशाला, असा विचार आला. तुला पटवून देणारं पत्र मनात जवळजवळ लिहूनही झालं होतं.

तेवढ्यात दुर्बीण घरी आला. चहा घेत त्यानं तू न लिहिलेलं सांगितलं. कात्री आली तेव्हा तू त्या चाकासमोर उभी राहिलीस. आणि सायकल विचारणारा तो शहाणा, आणि बाकीचे दहा, पाठोपाठ येऊन तुझ्याशेजारी उभे राहिले. सुटी झाली होती, गाडी दाराशी थांबली होती, तरी कुणी हललं नाही. मी जरा फुगून म्हणालो, माझ्यासाठी बिचारे थांबले. तर तो कप खाली ठेवून म्हणाला, “मालक, तुमच्यासाठी नाही. आज तुमचं तोडू दिलं असतं, तर उद्या आमचं तोडलं असतं.”

तो गेल्यावर तुझं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आमच्या वेळी कुलपंबिलपं नव्हती. फोरमन वरून ओरडायचा, सगळे वर आले का. कुणीतरी ‘हो’ म्हणायचं, की तेल सुरू. तो ‘हो’ कितीदा मीच म्हटलाय, ठिणगे, आणि दर वेळी मागे वळून बघितलंय असं नाही. माझ्या हातून कुणी गेलं नाही. त्यात माझी हुशारी काडीची नव्हती, हे काल रात्री अंथरुणात पडल्यावर पस्तीस वर्षांत पहिल्यांदा लक्षात आलं.

चौकशी समितीला मी स्वतः लिहिलंय, नक्कल सोबत आहे. किल्ली त्याच पाकिटात घातलीय. मजकूर एवढाच: कुलूप माझं. किल्ली माझ्या खिशात. मी कुणाला न सांगता मागच्या फाटकानं निघून गेलो, तेव्हा उशीर माझ्यामुळे झाला. ज्या वेळी हे स्टेशन मला पाइपात शोधत होतं, त्या वेळी मी तोंडाला साबण लावून बसलो होतो. या बाईंना काढलंत, तर पुढच्या वेळी मी खरंच पाइपात असेन आणि तिथं झाडाखाली शिट्टीवाला असेल. कळावे.

शेवटचं वाक्य मामीला आगाऊ वाटलं. मी ठेवलं.

लोभ ठेवशील तेवढा पुरेल.

तुझा,
मामा


ता. २३ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

नोकरी राहिली. पहिल्या ओळीत लिहिलं, म्हणजे आई जिन्यातून ओरडायला मोकळी.

समितीत तिघं होते. साहेबांचा अहवाल झाला, माझा झाला, मग तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं. साबणापाशी अध्यक्ष हसले. शिट्टीपाशी कुणी हसलं नाही. लाइन अडवली ती योग्यच, असं ते म्हणाले आणि कागद आवरायला लागले.

तेव्हा मी सांगितलं की माझी एक चूक राहिलीय. नुसत्या ‘हूं’वर मी कुलूप तोडू दिलं. तुमचं हूं मी पाळण्यापासून ऐकतेय म्हणून ओळखलं. त्या जागी दुसरा कुणी असता तर मला ओळखता आलं नसतं, आणि तरीही साडेतीन तासांनी दमून मी कदाचित हो म्हटलं असतं. साहेबांनी डोक्याला हात लावला. सुटलेली मुलगी परत आत कशाला जाते, असं त्यांना झालं असणार. त्यांचं बरोबर होतं. मला लेखी ताकीद मिळाली. आता माणसानं स्वतःचं नाव आणि कुलपाचा नंबर स्वतःच्या तोंडानं सांगायचा, वस्तरा कुठंही असो. मागच्या फाटकालाही वही आली.

तुमच्या टोळीला बंदी नाही. मात्र मालकासह सगळ्यांनी सुरक्षेचा वर्ग करून परीक्षा द्यायची. वीस प्रश्न, अठरा बरोबर हवेत. वर्ग मी घेते. एक तारखेला दहा वाजता, पुढच्या फाटकानं.

लोभ असावा, आणि येताना चष्मा असावा.

आपली,
ठिणगी


ता. ३ एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला. दुर्बीणकाकांना वीसपैकी वीस. सायकलवाल्याला एकोणीस. टोळी अख्खी पास. तुम्हाला सतरा.

चुकलेली उत्तरं नियमाप्रमाणे कळवते.

प्रश्न चार. वायूचा वास आला तर काय कराल? घंटा वाजवून वाऱ्याला आडवं लांब जायचं. तुम्ही लिहिलंय, आधी कुठून येतोय ते शोधेन.

प्रश्न अकरा. परमिटाशिवाय काम कधी करता येतं? कधीच नाही. तुम्ही लिहिलंय, साहेब जेवायला गेल्यावर. खरं असेल, पण चूक आहे.

प्रश्न वीस. कामाच्या जागी तुमच्या जिवाची पहिली जबाबदारी कुणाची? याला वर्गात मी तीनदा उत्तर सांगितलं होतं, माझी स्वतःची. तुम्ही लिहिलंय, भाचीची.

हे वाचून मी पेपर बाजूला ठेवला आणि आधी बाकी अकरा जणांचे तपासून टाकले. मग परत घेतला. उत्तर चूकच आहे, मामा. शून्य दिलंय.

फेरपरीक्षा गुरुवारी दहा वाजता. प्रश्न तेच असतील.

लोभ भरपूर आहे, गुण मात्र पेपर बघूनच.

आपली,
ठिणगी